रडारवाला आणि चुकलेला सूर्य

दुष्काळात सोसायटीच्या गोदामावर रडार बसवलं होतं. मी राखण करायचो. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून दिवसभर तिथंच. रडारवाला माझ्यासारख्यालाबी अहोजाहो करायचा, पण बोलताना त्याचे डोळे वरच्या रडारच्या तबकडीवर.

एका दुपारी आभाळात ढग विखुरले होते. रडारच्या पडद्यावर पाण्याचा ढग लिंबागणेश गावावर दिसला. त्यात मीठ फवारून पाऊस पाडायला विमान निघणार, म्हणून फाटकाशी लोक जमले. रडारवाल्यानं आधी रडार बरोबर दाखवतंय का बघायला तबकडी सूर्याकडं फिरवली. पडद्यावर सूर्य भलतीकडंच!

"तबकडी सरकलीय. सूर्य चुकतोय, तर ढग कसा बरोबर असेल? विमान चुकीच्या जागी जाईल."

सोसायटीचे चेअरमन ओरडले, "लोक मला फाडून खातील!"

"मी सांगतो त्यांना."

मी म्हणलं, "साहेब, नका जाऊ. लई तापलेत." तरी गेला.

"आज विमान नाही."

"कावून न्हाई बे?" म्हणत एकानं चप्पल फेकली. ती छातीवर बसली. रडारवाल्यानं ती उचलून त्या माणसाच्या पायाशी ठेवली.

"घाला. फुफाट्यानं पाय भाजतील."

ढग पांगेपर्यंत तो लोकांतच उभा राहिला. मीबी जाऊन त्याच्या बाजूला थांबलो.