दोन तांबे वजन

पहिल्या गरोदरपणाचं मला फारसं काही आठवत नाही, भूक तेवढी आठवते. सकाळी ज्वारीची एक भाकरी, संध्याकाळी अर्धी. दुष्काळ होता, पण घरात अगदीच काही नव्हतं असं नाही; कणगीत ज्वारी होती. ती माझ्या ताटात येत नव्हती, कारण आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भ्यायल्या होत्या.

माझ्या लग्नाआधी त्यांची एकुलती लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. पोर बाळसेदार व्हावं म्हणून आत्याबाईंनी तिला तूप, शेंगदाण्याचे लाडू, दूध, हाताला येईल ते खाऊ घातलं. ती दोन दिवस अडून राहिली आणि केजच्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच गेली. बाळही गेलं. आपण पोसून पोसून पोटातलं पोर मोठं केलं म्हणून लेक अडली, हे आत्याबाईंनी मनाशी पक्कं केलं. मला पाचवा महिना लागला तशी भाकरीची दुरडी त्यांनी स्वतःच्या ताब्यात घेतली.

"ल्हान पोर लवकर सुटतंय, माय. भाईर आल्यावर लई खाऊ घालू की."

हे त्या इतक्या मायेनं म्हणायच्या की भांडायलाही जागा नसायची.

त्या वर्षी पाऊस नाही म्हणून ऊस नाही, आणि ऊस नाही म्हणून आमच्या सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. नवरा टोळीबरोबर लांबच्या कारखान्याकडे तोडणीला गेला. मी पोटुशी म्हणून मागे राहिले. घरात आम्ही दोघी आणि एक गाय. गाईचं दूध रोज सकाळी गावातल्या दूध सोसायटीत पोचवायचं काम माझ्याकडे होतं.

उपकेंद्रातल्या नर्सबाई दर महिन्याला वजन करायच्या. सहाव्या महिन्यात काटा जागचा हलला नाही. ओसरीभर बसलेल्या बायकांच्या देखत त्या आत्याबाईंवर उखडल्या, "मावशी, सुनेला उपाशी मारता का?" आत्याबाई उठल्या. घर येईपर्यंत पदर तोंडाला धरून चालत राहिल्या. मला नर्सबाईंचा संताप आला. ज्यांचं बरोबर असतं त्यांना एवढं मोठ्यानं का बोलावं लागतं, हे मला अजून कळलेलं नाही.

आत्याबाईंना पुन्हा असं ऐकावं लागू नये म्हणून मग मला नको ती अक्कल सुचली. दुधात पाणी घालून आणणारे मी सोसायटीत रोज बघत होते. तिथं निदान लॅक्टोमीटर होता. दुधात सोडला की चोरी उघडी. नर्सबाईंकडे नुसता काटा. सातव्या महिन्यात घरून निघताना मी दोन तांबे पाणी प्याले, तेही टँकरच्या रांगेत अर्धा दिवस उभं राहून आणलेलं. वजन वाढलेलं पाहून नर्सबाई खुलल्या. "बघा मावशी, खाल्लं की येतं ना अंगावर?" आत्याबाई गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. आठव्या महिन्यात तेवढ्यानं भागेना, म्हणून तीन तांबे प्याले आणि उलटी दाबत काट्यावर उभी राहिले. कार्डावरचे आकडे छान चढत गेले. एवढे चांगले आकडे मला शाळेतसुद्धा कधी मिळाले नव्हते.

दिवस भरले. दुपारी कळा सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत उपकेंद्रातच मी मोकळी झाले. मुलगी झाली. आत्याबाईंनी फरशीला डोकं टेकवलं. "सुटली माझी माय, सुखरूप सुटली!" नर्सबाईंनी मुलीचं वजन केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ती दोन किलोही भरली नव्हती. तिला दूध ओढायचंही बळ नव्हतं. पुढे ती जगली, हे आत्ताच सांगून टाकते. लोकांचा जीव टांगणीला लावायचा मला कंटाळा आहे. पण त्या संध्याकाळी ते कुणालाच माहीत नव्हतं.

नर्सबाई माझं कार्ड उलटसुलट करून बघत होत्या. "वजन तर वाढत होतं. मग असं कसं झालं?"

मी पाण्याचं सांगितलं. भुकेचंही सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "का हो मावशी?" तेव्हा आत्याबाईंनी लेकीचं सगळं सांगितलं. तूप, लाडू, ते दोन दिवस, आणि बाळाचा हात आधी बाहेर आला होता तेही.

"हात आला होता? म्हणजे मूल आडवं होतं," नर्सबाई म्हणाल्या. "त्याला खाणं काय करणार? ऑपरेशनच लागलं असतं. गाडी वेळेवर मिळायला हवी होती."

"म्हंजी म्या खाऊ घातलं म्हनून न्हाई गेली ती?"

"नाही, मावशी."

आत्याबाई रडायला लागल्या. ते हायसं वाटल्याचं रडू होतं, मला ते स्पष्ट कळलं. माझी पोर तिथं निपचित पडलेली, आणि यांना हायसं वाटतंय! मला इतका राग आला की मी भिंतीकडे तोंड केलं.

थोड्या वेळानं रडणं थांबलं. मी वळून बघितलं तर आत्याबाई मुलीपाशी उभ्या होत्या.

"अन् हिचं?" त्यांनी विचारलं. "हिचं माझ्यामुळं झालं का?"

नर्सबाईंनी मान खाली घातली. 'एकट्या तुमच्यामुळं न्हाई, आत्याबाई,' एवढं म्हणायला मला कितीसा श्वास लागला असता? पण मी थकले होते, आणि खरं सांगायचं तर सगळं त्यांच्या एकटीच्याच माथी राहावं असं मला वाटत होतं. मीही काही बोलले नाही.