शेळीनं खाल्लेलं पान आणि भिंतीवरचा नकाशा

मी दुसरीपर्यंत शिकलो. तरी श्रावणात आमच्या गावात पोथी लागते तेव्हा अर्थ मीच सांगतो. गावचा शिंपी वाचतो, मी सांगतो. तो ओवी म्हणून थांबला की मंडळी त्याच्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघतात. शिंप्याला याचा राग आहे. असू दे. त्याचा आवाज चांगला आहे, पण आपण काय वाचतोय हे त्याला स्वतःला ऐकू जात नाही. शिलाई मशीन चालल्यासारखा तो वाचतो, धागा तुटला तरी चाक फिरतच असतं.

पोथी दुपारची असते, देवळाच्या सभामंडपात. तिचा एक नियम माझ्या बापाच्या आधीपासून चालत आला आहे. सुरू झालेला अध्याय मोडायचा नाही. अध्याय चालू असेपर्यंत कुणी उठत नाही आणि देवळात दुसरं कसलंही काम होत नाही. पुढचं सगळं या नियमामुळे घडलं.

आमच्या पोथ्या जुन्या, सुट्या पानांच्या, लांबट. दोन आहेत. एक वनवासाची आणि दुसरी भाऊबंदकीची. दोन्ही एकाच लाल फडक्यात बांधलेल्या असतात. गेल्या श्रावणात शिंप्यानं फडकं सोडलं आणि हातपाय धुवायला गेला. तेवढ्यात त्याचीच शेळी मंडपात शिरली. बायांनी आरडाओरडा केला, शेळी उधळली, पानं चारी दिशांना गेली. एक पान तिनं चावून गिळलं. बाकीची बायांनी गोळा केली आणि दगडाखाली नीट रचून ठेवली. नीट म्हणजे कडा जुळवून. पान कोणत्या पोथीचं, हे कुणी बघितलं नाही. शिंपी आला, बसला आणि वाचायला लागला.

राजपुत्र वनात निघाला. मी वन सांगितलं. शिंप्यानं पान उलटलं तर एकदम सोंगट्यांचा पट, फासे आणि भरलेली सभा! मी त्याच्याकडे बघितलं. तो खाली मान घालून पुढंच चालला होता. अध्याय मोडता येत नव्हता. मंडळी माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "तर मंडळी, चालता चालता राजपुत्राले भूक लागली. पुढं पाहते तर धाडचा बाजार! अन् बाजाराच्या मागं जुगार चालून राह्यला. जुगारवाले म्हणे, 'ये, बस, डाव लाव.' राजपुत्र म्हणे, 'काय लावू? राज्य तर सोडून आलो. अंगावर झाडाची साल हाय.' सगळे फासे तसेच हातात राह्यले. ज्यानं आधीच सगळं सोडलं, त्याच्यापासून जिंकता काय?"

एक म्हातारी एवढ्या जोरात हसली की तिची कवळी मांडीवर पडली. त्यानंतर मी थांबलो नाही. पुढच्या पानावर झोपाळू राक्षस आला, त्याला मी खामगावच्या जिनिंगमध्ये, सरकी काढतात तिथं, राखणीला बसवलं. तो कापसाच्या ढिगावर जो झोपला तो उठेना, आणि गाड्यांची रांग थेट जलंबच्या रेल्वेफाटकापर्यंत गेली. दुसऱ्या पोथीतला गदावाला त्याला उठवायला आला तर कापसात त्याची गदाच हरवली.

अध्याय संपल्यावर शिंप्याचा चेहरा उतरला. "पानं मिसळली बे. तुले समजलं नाही?"

"मले समजलं. तुले नाही समजलं."

"मग थांबवलं काऊन नाही?"

"अध्याय मोडत असते का?"

तो संध्याकाळी पानं लावायला बसला. पण दुसऱ्या दिवशी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया म्हणाल्या, पानं कालच्यासारखीच राहू द्या, पुढं काय झालं ते ऐकायचं आहे. मग शिंप्यानं पानं लावणं सोडून दिलं. मी चुकलो असं अजूनही काही लोक म्हणतात. मी चुकलो नाही. पानं चुकली होती, मी त्यांना सांभाळून घेतलं.

आता माझ्या सुनेचं सांगतो, कारण खरं मोठं काम तिचं आहे. ती देऊळगाव राजाची. माहेरी ती दिवाळीला गल्लीभरच्या भिंती रंगवायची, असं तिचे वडील लग्नात सांगत होते. आमच्या घरी आल्यावर हातात खुरपं आलं, कुंचला गेला. कुणी मना केलं नव्हतं, पण कुणी विचारलंही नव्हतं. गेल्या श्रावणात देवळाच्या अध्यक्षांनी तिला देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर सप्ताहाचा कार्यक्रम लिहायला सांगितलं. आत पोथी, बाहेर तिचं काम; नियम पोथी बसते तिथपुरता. कार्यक्रम तिनं एका कोपऱ्यात पहिल्याच दिवशी लिहून टाकला. मग भिंतीपलीकडून माझा आवाज ऐकत ती उरलेल्या मातकट भिंतीवर चित्रं काढत गेली, गेरूनं, काजळीनं, हळदीनं आणि तांदळाच्या पिठानं.

मी रोज दुसऱ्या बाजूनं ये-जा करायचो, म्हणून समाप्तीच्या आदल्या दिवशीच ते बघितलं आणि तिथंच उभा राहिलो.

पूर्ण मुलूख होता तो. लाल एसटी घाट चढत होती आणि तिच्या टपावर राजपुत्र धनुष्य घेऊन बसला होता. धाडच्या बाजारात जुगारी डोक्याला हात लावून बसले होते. खामगाव म्हणजे एक पांढरा ढीग आणि त्यातून राक्षसाचे दोन पाय बाहेर. गदा शोधणारा कापूस उपसत होता. वाटेवर गावांची नावं नव्हती. त्याऐवजी "इथं डोक्यावरचं ओझं जड होते", "इथं जीपवाला थांबत नाही" असं लिहिलं होतं. असा नकाशा मी सरकारी कचेरीतही बघितला नाही आणि नातवाच्या मोबाईलवरही नाही. मोबाईलवाल्याला आमच्या गावाचा नाला माहीत नाही.

धाड बैलगाडीएवढं मोठं काढलं होतं, बुलढाणा बोराएवढा. आणि देऊळगाव राजा आमच्या शेताच्या बांधाला लागून, बालाजीच्या कळसासकट.

मी विचारलं, "एवढं जवळ? चिखलीले गाडी बदलावी लागते की."

ती कुंचला धूत म्हणाली, "मला तेवढंच वाटतंय, मामाजी. धाडला दर बाजाराला जाते म्हणून ते मोठं. बुलढाण्याला फक्त दवाखान्यात गेले."

मधोमध एक जागा कोरी होती, तिच्या काठावर एक शेळी. मी विचारलं, इथं काय आहे? ती म्हणाली, "शेळीनं खाल्लेलं पान. तिथं काय होतं ते कुणालाच माहीत नाही, मग मी कसं काढू?"

मी आयुष्यात फार लोकांची तारीफ केलेली नाही. त्या दिवशी मी तिच्या हातातला कुंचला घेतला आणि स्वतः धुऊन ठेवला.

संध्याकाळी अध्यक्ष घरी आले. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण मिशा मोठ्या. म्हणाले, "आबा, परवा काल्याले बाहेरगावचे कीर्तनकार येऊन राह्यले. ते भिंत पाहतीन तर काय म्हणतीन? देवाची थट्टा केली म्हणतीन. उद्या पोथी झाली की चुना मारतो."

मी म्हटलं, "थट्टा मी केली. मले चुना मारा."

"तुमची तोंडी हाय, हवेत गेली. हे भिंतीवर हाय."

ते गेल्यावर सून चुलीजवळून बोलली. आवाज चढलेला नव्हता. "मारू द्या चुना. पण मग मला परत कुठल्या भिंतीकडं पाठवू नका. मी कुंचला हातात घेणार नाही."

ती बोलली तसं करणारी आहे. या घरात माझ्यासारखी हट्टी तेवढी एकच.

समाप्तीच्या दिवशी मी जागा बदलली. मंडपाच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून घोंगडी टाकली. मंडळी अंगणात आली. अध्यक्ष चुन्याची बादली आणि ब्रश घेऊन सगळ्यांच्या मागं बसले. शिंप्यानं शेवटचा अध्याय सुरू केला, आणि मी काठीनं नकाशा दाखवत अर्थ सांगू लागलो. राजपुत्राला घाटातून नेलं, खाली आणलं, परत नेलं. शिंप्याच्या ओव्या संपल्या, माझा अर्थ संपेना. अर्थ संपल्याशिवाय अध्याय संपत नाही. सावल्या लांबल्या. चुन्यावर साय धरली. उठता कुणालाच येत नव्हतं, अध्यक्षांनाही नाही. बसून बसून त्यांना भिंतीकडे बघण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता, आणि ते बघत होते. आधी रागानं, मग डोळे बारीक करून.

शेवटी ते बोललेच. "आबा, हा आमचा मळा ना? चिंच तर बराबर हाय."

"हाव."

"मग माही विहीर कुठं हाय?"

मी सुनेकडे बघितलं. ती बायांमध्ये बसली होती. म्हणाली, "तुमच्या विहिरीवर राजपुत्र आलाच नाही. मामाजींनी आणला नाही."

"पाण्याले काय कमी होती तिथं?" अध्यक्ष चिडले. "उन्हाळ्यात अर्धं गाव भरते. अन् ही एवढी जागा रिकामी हाय की, इथं काढ."

"ती शेळीची आहे," सून म्हणाली.

सगळं अंगण हसलं. शिंपी सगळ्यात जोरात, शेळी त्याची होती ना. अध्यक्ष हसले नाहीत, पण बसल्या जागेवरून त्यांनी बादली पुढं सरकवली. देवळातलं दुसरं काम ते नव्हतंच, ते पोथीतलंच होतं, म्हणून मी सुनेला उठायची परवानगी दिली. तिनं काडीनं चुन्यावरची साय बाजूला केली, पदर खोचला आणि चिंचेजवळ पांढऱ्या चुन्यानं गोल विहीर काढली, पायऱ्यांसकट. अध्यक्ष म्हणाले, मोट पण काढ, आमच्या आज्याची होती. तिनं मोट काढली. त्यात बादलीतला चुना संपला, भिंतीला मारायला उरला नाही.

मग मी राजपुत्राला विहिरीवर पाणी पाजलं, बांध ओलांडून देऊळगाव राजाला सोडलं आणि अध्याय संपवला.

शिंपी पानं गोळा करत पुटपुटला, "पोथीत हे असं कुठंच नाही बे."

मी म्हटलं, "भिंतीवर हाय."