पुढच्या सीटचा हक्क

आमच्या ग्रुपमध्ये नऊ जण आहोत. कॉलेजातली सात पोरंपोरी, उल्हासनगर कॅम्प चारमधला एक सिंधी जीन्सवाला आणि बावन्न वर्षांचा मी, अंबरनाथच्या एका कारखान्याच्या तपासणी विभागातला. सगळे रोलरकोस्टरचे वेडे. कुठल्याही पार्कात हिरवं कापड लावून बांधकाम सुरू झालं, की आत कोणती नवी राईड येणार हे ओळखायचं. फोटो मिळवायचे, खांब मोजायचे, भांडायचं. पार्कातल्या कुणालाही विचारायचं नाही, हा पहिला नियम. विचारून काय, कुणालाही कळतं.

दुसरा नियम असा, की ज्याचा उंचीचा अंदाज सगळ्यात जवळचा, तो ग्रुपच्या पहिल्या फेरीत अगदी पुढच्या सीटवर बसणार. शेजारी कोण, तेही तोच ठरवणार.

आजवर चार वेळा अंदाज झाले आणि चारही वेळा जीन्सवाला जिंकला. तो मोजत नाही. फोटो लांब धरतो, एक डोळा मिटतो आणि ताग्यात किती जीन्स निघतील हे सांगावं तसा आकडा सांगतो. मी प्रत्येक वेळी दुसरा. मागच्या वेळी तो मला म्हणाला, "साहेब, तुमचा हिसाब एकदम करेक्ट असतो. फक्त उत्तर चुकतं."

पाचव्या वेळी मला पुढची सीट हवीच होती. बदलापूरच्या एका पोरीने रस्त्यावरून फोटो काढला होता. त्यात सगळ्यात उंच खांब आणि पायथ्याशी हेल्मेट घातलेला कामगार. मी तो मोठा छापून आणला आणि पट्टी लावली. कामगार नऊ मिलिमीटर, खांब एकशे ऐंशी. वीस पट. कामगाराची उंची साडेपाच फूट धरली, म्हणजे खांब एकशे दहा फूट. जीन्सवाल्याने डोळा मिटून पंच्याऐंशी सांगितले. माणूस पंचवीस फुटांनी कसा चुकू शकतो, हे मी त्याला पंधरा मिनिटं समजावलं.

आकडा बदलायची मुदत रविवारी दुपारी बारापर्यंत होती. साडेअकराला बायको टेबल आवरायला आली. तिला या नादात रस नाही. तिचं माहेर बदलापूरच्या पलीकडच्या खेड्यातलं, वडील विहिरी खणायचे. फोटो उचलून तिने विचारलं, "ह्याचे पाय कुठे आहेत?"

"बुटात."

"बूट तरी कुठे दिसतायत? अहो, हा खड्ड्यात उभा आहे."

मी भिंग काढलं. गुडघ्याखाली माणूस नव्हताच. मागे ओल्या मातीचा ढीगही होता, तोही मी पाहिला नव्हता. वर उरला चार फूट. वीस चोक ऐंशी. बाराला सात मिनिटं कमी असताना मी ऐंशी पाठवले. कारण लिहिलं नाही.

राईड सुरू होताना पार्काने फलक लावला, ब्याऐंशी फूट. मी दोनने चुकलो, जीन्सवाला तीनने. शिवमंदिराजवळच्या चहाच्या टपरीवर पोरांनी माझ्या पाठीवर इतक्या थापा मारल्या की चहा सांडला. जीन्सवाल्याने हात मिळवला आणि तो न सोडताच विचारलं, "साहेब, एकशे दहाचे ऐंशी कसे झाले?"

दुसऱ्याच्या तपासणीवर स्वतःची सही करायची मला सवय नाही. खड्डा बायकोला दिसला, असं मी सांगून टाकलं. मग लगेच मतदान झालं. सीट भाभींची, म्हणून आठ हात वर. ती ग्रुपमध्ये नाही, असं मी म्हणालो. त्यावर एका पोराने नियम वाचून दाखवले. अंदाज सदस्याचाच हवा, असं त्यात कुठेही नव्हतं. नियम मीच लिहिले होते.

मला वाटलं ती नाहीच म्हणेल. शिवरात्रीच्या जत्रेतल्या पाळण्यातही ती कधी बसलेली नाही. ती "येते की" म्हणाली. तिथे पोचल्यावर शेजारच्या सीटसाठी तिने जीन्सवाल्याला बोलावलं. तो बिचारा माझ्याकडे बघत म्हणाला, "भाभी, साहेबांना घ्या ना."

"नको. हे वर पोचेपर्यंत आकडे सांगत बसतील."

मी दुसऱ्या रांगेत बसलो. उतार लागला तेव्हा जीन्सवाल्याने दोन्ही डोळे मिटून घेतले होते, हे त्याने नंतर कबूल केलं, आणि बायको हसत होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, इतकं मोठ्याने हसताना मी तिला ऐकलं नव्हतं.

खाली आल्यावर ती म्हणाली, पुन्हा बसायचं, आणि या वेळी तुम्ही शेजारी. अट एकच, बोलायचं नाही. पुढच्या सीटसाठी आम्ही पाऊण तास वेगळी रांग लावली. मी अट पाळली. वर चढायला अडतीस सेकंद लागतात, हे तिला खाली उतरल्यावरच सांगितलं.