साडूची सरळ रेघ

प्लांटमध्ये त्याला सगळे ट्रिपभाऊ म्हणत, आणि ते काही लाडानं नव्हे. टाकी जास्त भरली किंवा दाब चढला, की प्लांट आपोआप बंद पाडणारी, म्हणजे 'ट्रिप' करणारी, सुरक्षायंत्रणा त्याची. ती चालली की उत्पादन बुडालं म्हणून शिव्या, नाही चालली तर "हा माणूस दिवसभर करतो तरी काय?" आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

त्याचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, त्याच कंट्रोल रूममध्ये पलीकडच्या खुर्चीत. कुठला व्हॉल्व्ह किती उघडायचा हे ठरवणारी नियंत्रणं त्याच्याकडे. पडद्यावर त्याच्या टाकीच्या पातळीची रेघ अशी सरळ, की पाहुणे आले की मॅनेजर आधी तीच दाखवायचे. सासरीही तेच. सासूबाई थोरल्या जावयाला विचारत, "काय, परत बंद पाडलंत का?" आणि धाकट्याच्या ताटात आणखी वाढत. ट्रिपभाऊचा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात साडू स्वभावानं चांगला, हे तर जास्तच खुपायचं.

आता विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि दोघांपैकी एकच तिथे बसणार होता.

"मला मिळाली नाही, तर तुझ्या बहिणीच्या घरी पाऊल ठेवणार नाही," त्यानं बायकोला बजावलं.

"अहो, मिळाली तर तरी ठेवाल का?" बायको म्हणाली.

त्या सकाळी साडूच्या त्याच मोठ्या टाकीवरचा स्विच तपासायचा होता. टाकी काठोकाठ आली, की हाच स्विच प्लांट थांबवतो. तपासताना प्लांट उगाच बंद पडू नये, म्हणून तेवढ्यापुरती यंत्रणा बाजूला काढतात. त्याला बायपास म्हणतात. ट्रिपभाऊनं बायपासची किल्ली फिरवली, मेकॅनिकला टाकीवर पाठवलं आणि सवयीनं साडूची रेघ बघत बसला. खुद्द साडूनंही ती इतकी निरखली नसेल.

रेघ आज फारच सरळ होती. वाहत्या द्रवाची पातळी थोडी तरी थरथरते. ही मेल्यासारखी पडून होती. त्यानं इतर आकडे बघितले. आत येणारं जास्त, बाहेर जाणारं कमी, तरी पातळी जागची हलेना. मापक अडकलं होतं, आणि टाकी गुपचूप भरत होती. साडू ऑपरेटरला कसलासा विनोद सांगत होता.

सांगावं? शब्द ओठांवर आले आणि त्यानं ते गिळले. भरू दे. काठाला आली की माझी यंत्रणा थांबवेलच. मग कुणाच्या रेघेनं घात केला आणि कुणी वाचवलं, ते मॅनेजरला डोळ्यांनी दिसेल. त्यानं चहा मागवला. कितीतरी दिवसांनी चहाला चव आली होती.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर मेकॅनिक बोलला, "साहेब, स्विच खोललाय. साफ करायला जरा वेळ लागेल."

ट्रिपभाऊची नजर रेघेवरून थेट किल्लीकडे गेली. यंत्रणा बायपासवर होती! किल्ली त्यानंच फिरवली होती, आणि जळता जळता साफ विसरला होता. टाकी अडवणारं आता काहीच नव्हतं आणि तिच्या माथ्यावर माणूस उभा होता.

चहा सांडला. त्यानं धावत जाऊन लाल बटणावर हात मारला. प्लांट थांबला.

"पाडलं ना परत!" मागून कुणीतरी ओरडलं.

साडूनं तातडीनं पातळी हातानं मोजून घेतली. काठ जेमतेम वीतभर उरला होता.

दुपारी मॅनेजरसमोर साडूच आधी उभा राहिला. "मापक माझं होतं. मी सरळ रेघ बघून खूश, भाऊजींनी ती मेलेली ओळखली. प्रमुख यांनाच करा, साहेब." टाळ्या वाजल्या. मग खाली बसत त्यानं कौतुकानं विचारलं, "पण भाऊजी, तुम्हाला कळलं तरी कधी?"

"बटण दाबलं ना, तेव्हाच," ट्रिपभाऊ म्हणाला.

बाहेर मेकॅनिक थांबला होता. त्यानं ट्रिपभाऊचा हात दोन्ही हातांत धरला. "साहेब, तुम्ही होतात म्हणून घरी चाललोय." ट्रिपभाऊला हात सोडवून घेता येईना. साडू शेजारी उभा राहून मोकळेपणानं हसत होता, आणि त्याचा इतका हेवा ट्रिपभाऊला आजवर कधीच वाटला नव्हता.