होनोरियोची सही

तायताय गावच्या बाजारात चपला शिवणारा होनोरियो एकोणीस वर्षं तुरुंगात होता, आणि हे तो गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगून टाके. मागाहून दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा ते बरं. तुरुंगातल्या बोलीचा शब्दकोश करणारी मारिविक म्हणूनच त्याच्याकडे यायची. त्याला ताताय, म्हणजे बाबा, अशी हाक मारून ती शब्द विचारी, तो टाके घालता घालता अर्थ सांगे, वर थट्टाही करी, की पुस्तकं वाचून कुणी कैदी होत नाही, पोरी.

त्या दिवशी त्याच्या सहीचा एकच कागद उरला होता. कोश दुसऱ्या दिवशी छापायला जायचा होता. कागदावर लिहिलं होतं, बुर्योंग : तुरुंगात येणारा कंटाळा.

"बरोबर आहे ना, ताताय? तुमची सही हवी."

होनोरियोने सुई खाली ठेवली. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, हेच खरं. कंटाळा तुरुंगात रोजचाच. बुर्योंग झालेला माणूस जेवण सोडतो, भिंतीशी बोलतो आणि एके दिवशी एकदम गप्प होतो. त्यांच्या कोठडीत रीत होती, की ज्याला हे दिसेल त्याने म्होरक्याला तो शब्द सांगायचा. मग त्याने जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून त्याला आठवडाभर झोपायच्या फळीला बांधून ठेवत आणि सगळे आळीपाळीने त्याच्याजवळ बसत. बांधलेल्याला भेटीला मात्र सोडत नसत.

तेबान होनोरियोच्या शेजारच्या फळीवर झोपायचा. तो गप्प झाला, तेव्हा आधी ओळखलं ते होनोरियोनेच. पण रविवारी तेबानची मुलगी येणार होती, सहा वर्षांनी पहिल्यांदा. ती भेट चुकू नये, एवढंच होनोरियोच्या वेड्या मनात आलं. म्होरक्याने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कंटाळलाय, भाऊ. दुसरं काही नाही."

शनिवारी दुपारी तेबानने जीव दिला. रविवारी मुलगी डबाभर पान्सितच्या शेवया घेऊन आली.

होनोरियोने आजवर हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मारिविकला त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. "माझ्याच खोट्यावर माझी सही नको घेऊस," तो म्हणाला.

तिने 'कंटाळा' खोडला. मग भीतभीतच त्या शब्दाच्या वापराचं एक वाक्य मागितलं.

"लिही. तेबानला बुर्योंग झालाय, त्याच्याजवळ कुणीतरी बसा."

"असं कोण म्हणालं होतं, ताताय?"

"कुणीच नाही, पोरी. मीसुद्धा नाही."