राज्याला सुट्टी, आम्ही पायी

धुळ्याहून निघताना शेजारीण जिन्यातच आडवी आली. "या वेळी कुठला दौरा, सुमनताई?" मी म्हटलं, "सावद्याला. माहेरी, पोळ्याला." तिचा चेहरा एवढासा झाला. केदारनाथ, कन्याकुमारी, अंदमान करून आलेली बाई मी, माझ्याकडून तिची निदान लडाखची अपेक्षा होती. हिमाचलची सहल पावसाने रद्द झाल्यापासून माझं डोकं आधीच तापलेलं होतं, त्यामुळे मी पिशवी उचलली आणि चालू पडले.

एस.टी.त पोळ्याची गर्दी होती. शेजारच्या सीटवर एक म्हातारबाबा मांडीवर घुंगरमाळा, गोंडे आणि रंगाच्या पुड्या घेऊन बसले होते. सासरी राहून मला अहिराणी बरी येते. मी विचारलं, "बैलजोडी कितली मोठी शे, आबा?" (केवढी मोठी आहे?) बाबा हसले. "बैल कुठला वं माय, ट्रॅक्टर शे. त्यालेच बांधसू." (त्यालाच बांधीन.) आणि खरोखर, पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत ते त्या ट्रॅक्टरचं कौतुक सांगत राहिले. मधूनमधून माळ हलवून तिचा आवाजही ऐकत होते.

जळगावला बस बदलली. भुसावळ, फैजपूर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा सुरू झाल्या. उत्तरेला सातपुडा निळा, ओला, डोक्यावर ढग घेऊन बसलेला. माहेर आलं की माझी मान आपोआप त्या बाजूला वळते. नाना, माझा थोरला भाऊ, स्टँडवर घ्यायला आला होता. "आली का धुयेवाली," (धुळेवाली) म्हणाला आणि माझी पिशवी हातातून ओढून घेतली. पाठीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्याला ओझं उचलायला बंदी केली होती. त्यावरून आमचं स्टँडवरच भांडण झालं आणि पिशवी शेवटी त्यानेच नेली.

घरी गेले तर बैठकीच्या खोलीचा नूर पालटलेला. भिंतीवर भलामोठा पडदा, खाली दिव्यांनी लुकलुकणारी पेटी, आणि नानाच्या खुर्चीत हाताला एक जाडजूड रिमोट. नानाची मुलगी मयुरी पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करत होती, ही पेटी तिची. पाठ धरल्यावर नाना शेतात जायचा बंद झाला, दिवसभर छताकडे बघत पडून राहायचा, कुणाशी बोलायचा नाही. तेव्हा मयुरीने त्याच्या हातात रिमोट दिला आणि म्हणाली, "चला नाना, फिरून येऊ." म्हणजे तो एक खेळ होता. मला खेळांचा मनस्वी तिटकारा. नातवंडं मोबाईलवर ठो-ठो करतात, ते बघून माझं कपाळ उठतं.

"बैस तं खरी," नाना म्हणाला.

बसले. आणि सांगते, तोंडाचा आ झाला तो मिटेना.

पडद्यावर पहाट होत होती. गुडघाभर गवत वाऱ्याने एका बाजूला झोपत होतं आणि पुन्हा उठत होतं. खाली तळं, तळ्यात धुकं, पलीकडे एका पडक्या मंदिरावर दोन चंद्र मावळत होते. दोन! आणि या सगळ्याच्या मागे एक पांढराशुभ्र डोंगर, इतका उंच की त्याचं टोक बघायला नानाने रिमोटचा खुंटा दाबून मान वर केली, तर मीही खुर्चीत मान वर केली. "हे कुठल्या देशातलं गं?" मी विचारलं. मयुरी म्हणाली, "कुठल्याच नाही, आत्या. माणसांनी बसून बनवलंय. पण जे जे दिसतं ना, तिथे तिथे जाता येतं." माझ्या सगळ्या सहलींत जे लांबून दिसतं तिथे मॅनेजर जाऊ देत नाही, आणि इथे कुठलीही पायवाट धरा, अडवायला कोणी नाही.

त्या खेळात आमच्याकडे एक तांबूस घोडा होता. नानाने त्याचं नाव ठेवलं होतं राज्या. ट्रॅक्टर आल्यावर विकलेल्या शेवटच्या बैलाचं नाव राज्या होतं, हे मला माहीत होतं.

बाप-लेकीचं एक ठरलेलं होतं. त्या पांढऱ्या डोंगराच्या माथ्यावर दोघांनी मिळूनच जायचं, एकट्याने कोणी चोरून बघायचं नाही. महिनोन् महिने ते त्याच्या दिशेने सरकत होते, आणि आता कंपनीने मयुरीला पुण्याला कायमचं बोलावलं होतं. पोळ्याच्या संध्याकाळी गाडी येणार, पेटी तिच्याबरोबर जाणार. म्हणजे एकच दिवस उरला होता. मयुरीने हिशेब मांडला, "सकाळी निघालो तर घोड्यावरून दुपारच्या जेवणापर्यंत वर पोचू." पोरीच्या डोळ्यांत काय आनंद होता म्हणून सांगू! बापाचा चेहरा माथ्यावर गेल्यावर कसा होतो, ते तिला बघायचं होतं.

सकाळी वहिनीने मातीच्या बैलांची पूजा केली आणि पाट पडद्यासमोरच मांडला. "जनावरं एका जागी बरी," म्हणाली. खेळ सुरू झाला. राज्या तळ्याकाठी उभा. मयुरी म्हणाली, "बसा नाना, टाच मारा."

"आज पोया हाये," नाना म्हणाला. (पोया म्हणजे पोळा.)

"मग?"

"मंग त्याच्या पाठीवर आज कोन्ही बसनार नाही."

मयुरीला वाटलं गंमत करतायत. मलाही. पण नानाने पडद्यावरचा, खाली उतरलेला त्याचा माणूस पुन्हा घोड्यावर चढवलाच नाही. कुठलंसं बटण दाबलं, तर राज्या मान हलवत मागून यायला लागला, आणि नाना पुढे पायी. "घरात आता राबनारं जनावर एवढं एकच हाये," तो म्हणाला. "त्याले बी एक दिवस पाह्यजे का नाही?" मयुरीने घड्याळाकडे बघितलं.

असे आम्ही पायी निघालो.

वाटेत गव्हाचं शिवार लागलं. सरळ आडवं घुसलं असतं तर वाट निम्मी झाली असती, पण नाना बांधावरून गेला. उभ्या पिकातून जायचं नाही, मग ते पीक कुणाचंही असो. जाता जाता कुरकुरला, "काऊन (का) कापत नाही हे लोकं? आपन आलो तव्हाचा गहू पिकून उभा हाये." बांधावर एक म्हातारी भेटली, इंग्रजीत काहीतरी बोलली. मयुरीने सांगितलं, "म्हणतेय, पुढे जंगलात लांडगे आहेत, घोड्यावर बसून भरधाव निघा." नाना म्हणाला, "राम राम, माय," आणि चालत राहिला.

पायी चालल्यामुळे काय काय दिसलं! घोड्यावरून मयुरीही या वाटेने गेली होती, पण तिने स्वतः कबूल केलं की हे काही तिने पाहिलं नव्हतं. झाडाच्या सालीवर चढणारे मुंगळे. ओढ्यात थांबून पाणी पिणारं हरीण, आणि आपली चाहूल लागताच त्याचे उभे राहिलेले कान. पाऊस आला तेव्हा दगड आधी ठिपक्याठिपक्यांनी काळे झाले, मग सगळे. कुणीतरी कुठेतरी बसून एकेका दगडाला ओलं होणं शिकवलं असेल! कोण येणार होतं हे बघायला? सावद्याचा पाठीने अधू झालेला एक माणूस आणि त्याची तिखट बहीण!

नदीवर मला हौस आली. म्हटलं, द्या जरा इकडे तो रिमोट. पूल समोर दिसत होता. कसं काय झालं देव जाणे, मी थेट पाण्यात! माझ्यामागे राज्याही उतरला, मान वर करून पोहायला लागला, आणि धार त्याला ओढायला लागली. "सुमन! जनावर बुडवशीन!" नाना असा ओरडला की वहिनी पोळपाट टाकून बाहेर आली. गेलेलं घोडं या खेळात परत येत नाही, हे मला तेव्हा कळलं. नानाने रिमोट हिसकावून घेतला, कसाबसा काठ गाठला, मागोमाग राज्या वर चढला आणि अंग झाडलं. आमचा जीव भांड्यात पडला. नंतर जेवणापर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही.

जेवायला खापरावरच्या पुरणपोळ्या, रशी (कटाची आमटी), कुरडया, भजी. मयुरीने घास जेमतेम चिवडला. अजून आम्ही डोंगराच्या पायथ्याशीच होतो. मग जंगलात लांडगे आलेच. नाना तलवार काढून राज्याच्या आडवा उभा राहिला. मयुरी विनवत होती, "नाना, बसा आणि पळा, कुणी बघत नाहीये!" नाना दात आवळून लढत होता. दोनदा जमिनीवर पडला, दोनदा उठला. सगळं आटोपल्यावर त्याच्या कपाळावर खराखुरा घाम होता.

चढ लागला. झाडं खुरटी झाली, मग संपली, मग बर्फ. राज्याच्या नाकातून वाफ येत होती. डोंगराच्या खांद्यावर एक सपाट जागा आली तिथे नाना थांबला, आणि वर न बघता मागे वळला. अरे बापरे! सगळी वाट खाली अंथरलेली. पहाटेचं तळं, सोन्यासारखा गहू, त्याला वळसा घालून गेलेला बांध, मी बुडवायला निघालेली नदी, जंगलाचा काळा पट्टा. सगळं एका नजरेत. नाना हळूच म्हणाला, "एवढं चाललो आपन?" गेलं वर्षभर घरातून अंगणापर्यंत जायला कुरकुरणारा माझा भाऊ! माझे डोळे भरून आले, मी पुसलेही नाहीत.

तेवढ्यात दारात गाडीचा हॉर्न वाजला.

माथा समोरच होता. मयुरी रडकुंडीला आली. "नाना, आता तरी बसा. घोड्यावरून लगेच पोचू. लगेच!" मीही मध्ये पडले. वकिली मला चांगली जमते. म्हटलं, "नाना, त्या जगात सकाळपासून दोनदा सूर्य उगवला नि मावळला. तिथला पोळा केव्हाच संपला. आता बसलास तरी पाप नाही."

नानाने विचार केला. खरंच केला, चेष्टा नाही. मग म्हणाला, "तिथला सूर्य उगो नाही तं मावळो. पुरनपोयी मी इथं खाल्ली." रिमोट खाली ठेवला. "राह्यला तं राह्यला. डोंगर कुठी जातो?"

आणि मग आमच्या डोळ्यांदेखत तो डोंगर गेला. मयुरीने पडदा बंद केला, तारा काढल्या, पेटी खोक्यात भरली. नानाने त्या खोक्याला कोणाला हात लावू दिला नाही, पाठीचं न बघता ते स्वतः उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "भाऊ, खड्ड्यात जपून." मयुरी बापाच्या पाया पडली, पण रुसलेलीच. गाडी वळली. नाना आत येऊन त्या काळ्या पडद्याकडे तोंड करून बसला. मला त्याचा असा राग आला म्हणता! एवढ्याशा हट्टापायी पोरीचं मन मोडलंस, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "हो." एवढंच.

आणखी दोन-तीन दिवस राहून मी धुळ्याची बस धरली. घर सुनं सुनं झालं होतं, मला करमेना. जळगाव सुटलं, एरंडोल आलं, आणि नानाचा फोन आला. आवाज बसलेला होता. मला वाटलं, पाठीचं काहीतरी झालं.

"पोरीचा फोन आलता," तो म्हणाला. "तिनं पेटी लावली. म्हने, नाना, मी एकटी जानार नाही. मी म्हनलं, पोया सरला, आता बैस राज्यावर. तू चाल, मी फोनवर हाये."

"मग?"

"मंग ती सांगत गेली. इथं दगड हाये, इथं वयन (वळण) हाये, राज्या घसरला, राज्या सावरला. आनं मंग एकदम गप झाली. मी इचारलं, काय दिसते गं? बोलेच ना. मले वाटलं, लाईन कटली. पन वाऱ्याचा आवाज येत व्हता. आनं पोरगी मुसमुसत व्हती."

मी फोन कानाला दाबून धरला. "आणि तू काय केलंस?"

"काय करनार? आमी दोघं तिथीच उभे राह्यलो."

जेवढी ठिकाणं मी पाहिली, तिथे पोचताच मी बडबड केली, फोटो काढले, पुढच्या पॉइंटची घाई केली. कुठेही कुणाबरोबर अशी गप्प उभी राहिले नाही. मला हुंदका आवरेना. कंडक्टर तिकिटाची मशीन घेऊन थबकला. "काय झालं मावशी? कोणी गेलं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "माझा भाऊ पोचला. डोंगरावर."