काकांची कज्जली

आमच्या वैद्यकाकांना जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध ठाऊक होतं, ते म्हणजे पारा. तो स्वतः खलायचा मात्र त्यांना भारी कंटाळा. पारा आणि गंधक दगडी खलात घोटून काळी कज्जली करायची, पाऱ्याची चमक पुरती मरेपर्यंत हात थांबवायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. हात अर्थातच काकूचा. काका झोपाळ्यावर बसून रोग्यांना सांगत, "माझा पारा म्हणजे आईचं दूध." सोलापुरात हे ऐकून घेणारी माणसं होती, याचं मला आजही नवल वाटतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला गेले. काकू दुधनीची. अंगणात साप निघाला तर काठी तीच घ्यायची, काका झोपाळ्यावरून सूचना द्यायचे. तीच काकू आता भांडं पडलं तरी दचकून रडायला लागली. तिच्या हातातला कप बशीत खडखडायचा. काकांचं निदान तयार होतं, "वात हाय, दुसरं काय न्हाई." आणि वाताला उपाय काय, तर तीच कज्जली, मधातून, दोन वेळा.

मी आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना विचारलं. पाऱ्याची वाफ श्वासातून मेंदूपर्यंत पोचते, ज्या पेशींनी धक्का सोसायचा त्याच दुबळ्या होतात, मग साधा आवाजही माणसाला पेलत नाही, असं ते म्हणाले. मी ते काकांना सांगितलं.

"तुझ्या सरांनी कधी कुणाची नाडी बघितलीय का?" त्यांनी विचारलं आणि पान जमवायला घेतलं. इतका निर्धास्त मूर्खपणा मी पुन्हा पाहिला नाही.

शेवटी मीच काकूला माहेरी पोचवून आले. वर्षभराने काका तिला आणायला निघाले, तेव्हा मीही सोबत गेले. काकूने काठोकाठ भरलेला चहा आणला. बशीत थेंब सांडलेला नव्हता. काकांचा चेहरा खुलला.

"बघ, माझ्या औषधाला गुण उशिरा येतो, पण येतो."

"मग उरलेलं तुमीच घ्या की," काकू म्हणाली. "मी काय आता तिकडं येत न्हाई."

मला हसू आवरेना. पण त्या गृहस्थांनी खरोखरच घेतलं, आणि खलायला कुणी उरलं नव्हतं म्हणून स्वतः खलून घेतलं. कॉलेज संपवून मी आमच्या घरी परतले होते. दोन वर्षांनी त्यांना भेटायला गेले, तर कडी वाजताच ते उठून भिंतीला चिकटले. मला ओळखल्यावर लहान मुलासारखे रडले. मला त्यांची कीव आली, ती लपवायचं कारण नाही. मग त्यांनी थरथरत्या हातांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मात्रा कमी पडतीय."